चौदा नंबरचा खण

माझ्याकडे किल्ल्या तीन आणि वही एक.
बाकी सगळं मिलचं.
तुरीची धूळ मात्र कुणाचीच नाही,
ती बिन कार्डावर बसते, भुवयांवर बसते,
मे महिन्यात एमआयडीसीचे पत्रे तापले की
मानेवर घामात कालवून तिचं पिठलं होतं.

कार्डावर तीन रकाने. आले, गेले, शिल्लक.
नवरा म्हणतो, तू भाकरीसुद्धा कार्ड बघून थापतेस.
थापते. माणसं चार, कळण्याच्या भाकरी नऊ.
नववी कुणाची ते मी ठरवत नाही.
कधी भुसावळहून भाचा येऊन टपकतो,
कधी सकाळी ठेच्याशी मीच खाते,
कधी ती वाळून पापड होते, आणि तेव्हा
सासूबाई आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

पुण्याहून आलेले निहार सर
लॅपटॉप उघडून विचारतात,
चौदा नंबरच्या खणात ही चार बेअरिंगं
सात वर्षं काय करतायत?
बसलीत, म्हटलं.
पैसा झोपलाय इथं, मॅडम.
रात्रपाळीचा वॉचमनही झोपतो, सर.

हसले. माणूस चांगला.
सूत्र समजावलं: रोजचा खप, माल यायचे दिवस,
दोन्हींची चलबिचल, मग वर्गमूळ.
रात्री वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलं.
बरोबर येतं. मान्य.
पण पुढच्या पानांवर माझं राजकोट आहे,
तेवीस वर्षांचं, माल निघाल्यापासून फाटकात येईपर्यंत:
चार दिवस. चार. तीन. चार. पाच. चार. एकोणीस.
एकोणीस म्हणजे नवापूरच्या अलीकडं उलटलेला टेम्पो,
इकडे तुरीचा सीझन,
आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग पार चौकापर्यंत.
सूत्रातही तो एकोणीस येतो,
पण पातळ होऊन, पाहुणे वाढल्यावरच्या ताकासारखा.
वहीत तो अजून घट्ट आहे.

मीही चुकले आहे. त्या एकोणिसाला घाबरून
दोनशे बारा पट्टे मागवले होते एकदम.
जळगावचे उन्हाळे खाऊन रबर तडकलं.
सुभान तडवीनं एक यावलला नेऊन
बकरीचं दावं केलं.
बाकीचे भंगारात निघाले तेव्हा
मी फाटकाकडे पाठ करून बसले.
भीतीही मापानंच भरावी लागते.
हे पट्ट्यांनी शिकवलं, कुठल्या सरांनी नाही.

म्हणून भांडले नाही. चारातली तीन परत गेली.
एक राहू द्या, म्हटलं.
सरांनी पडद्यावर एक लिहिलं, लाल रंगात.

मग एका शनिवारी, रात्री अडीचला, फोन.
"बाई, मिल उभी राह्यली."
मुलाच्या स्कूटरवर मागं बसून गेले,
चौदा नंबरची किल्ली मुठीत.
खोटं कशाला बोलू,
वाटेत थोडा आनंदच झाला होता.

बेअरिंग ठणठणीत होतं.
तुटली होती शाफ्टमधली चावी,
बोटाच्या पेराएवढी, चाळीस रुपयांची,
कुठल्याच खणात नसलेली,
ना माझ्या वहीत, ना सरांच्या वर्गमुळात.

हमाल पोत्यांवर आडवे झाले.
तडवी एका जुन्या सळईच्या तुकड्यावर
पहाटेपर्यंत कानस मारत बसला.
मी बॅटरी धरली.
मधेच म्हणाला, वर न बघता,
"मोडनारं काई यादी वाचत नाई, बाई."

सहाला रोल फिरला. धूळ उठली, बसली.
मी नवं कार्ड लिहिलं: चावी, शिल्लक दोन.
दोनच का, ते विचारू नका.
मग चौदा नंबर उघडला,
बेअरिंगला ताजं ग्रीस लावलं,
कागद बदलला,
कार्डावर तारीख टाकली.
आले, काही नाही.
गेले, काही नाही.
शिल्लक एक.